गाव महापालिकेत जाऊ द्यायचं नसेल तर : हद्दवाढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हद्दवाढीच्या यादीत आपल्या गावाचं नाव आहे, हे बहुतेक गावांना वर्तमानपत्रातून कळतं. त्या दिवसापासून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जे विचारलं जातं, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या कायद्याला आणि कोल्हापूर, वसई, कल्याण, पुणे, नवी मुंबई इथल्या अनुभवाला धरून आहेत. लिहिणारा गावाच्या बाजूचा आहे. पण खोटा धीर देऊन कुठल्याच गावाचं भलं होत नाही, म्हणून जिथे बाजू लंगडी आहे तिथे ती तशीच सांगितली आहे.

हद्दवाढ नेमकं कोण ठरवतं? महापालिका की सरकार?

राज्य सरकार. महापालिका फार तर ठराव करून प्रस्ताव पाठवते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधल्या कलम ३ नुसार हद्द वाढवायचा किंवा कमी करायचा अधिकार सरकारचा आहे. सरकारने त्याआधी महापालिकेशी विचारविनिमय करायचा असतो, प्रारूप अधिसूचना काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवायच्या असतात आणि मग अंतिम अधिसूचना राजपत्रात छापायची असते.

इथली खरी बोच लक्षात घ्या. ज्या महापालिकेत गाव जाणार, तिला विचारणं या कलमानुसार सक्तीचं आहे. ज्या ग्रामपंचायतीचं अस्तित्वच पुसलं जाणार, तिचा सल्ला घेण्याची सक्ती मात्र या कलमात नाही. तिने बाकीच्यांसारखी हरकत नोंदवायची. आमच्या मते हा अन्याय आहे आणि कायदा बदलून तो दूर व्हायला हवा. तोवर आहे त्या कायद्यातच लढायचं आहे.

ग्रामसभेने एकमताने नकार दिला, तर गाव वाचतं का?

त्या एका ठरावाने वाचत नाही. ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नाही. हे पहिल्याच बैठकीत गावाला स्पष्ट सांगा. नाहीतर ठराव झाल्याबरोबर लोक निर्धास्त होतात आणि हरकतीची मुदत निघून जाते.

तरीही ठराव हवाच. वर्तमानपत्रात छापून येईल तो, मंत्र्यांच्या निवेदनाला जोडला जाईल तो, उद्या उच्च न्यायालयातल्या याचिकेला लागेल तोही हाच कागद असतो. म्हणून तो घाईत उरकू नका. रीतसर नोटीस काढा, दवंडी द्या, कोरम भरल्याची नोंद करा, उपस्थितांच्या सह्या घ्या आणि शक्य असेल तर सभेचं चित्रीकरण करा.

ठरावात काय लिहावं?

"गावकऱ्यांच्या भावना तीव्र आहेत" एवढ्या वाक्यावर मंत्रालयात कुणी थांबत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-क्यू मध्ये शहरी क्षेत्र ठरवण्याचे निकष दिले आहेत : लोकसंख्या, तिची घनता, स्थानिक प्रशासनाला मिळणारा महसूल, बिगरशेती रोजगाराची टक्केवारी, आर्थिक महत्त्व. ठरावाने याच निकषांना उत्तर द्यायला हवं. एक नमुना :

"ठराव क्र. ___ : मौजे ___ हे गाव ___ महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट करण्यास ही ग्रामसभा पुढील कारणांमुळे विरोध करीत आहे. (एक) गावच्या एकूण ___ हेक्टर क्षेत्रापैकी ___ हेक्टर आजही लागवडीखाली आहे. (दोन) गावातील ___ कुटुंबांचा मुख्य व्यवसाय शेती व दुग्धव्यवसाय आहे. (तीन) गावाची स्वतःची नळपाणी योजना चालू असून गेल्या तीन वर्षांतील घरपट्टी व पाणीपट्टीची वसुली ___ टक्के आहे. (चार) महानगरपालिकेच्या सध्याच्या हद्दीतील ___ या भागास अद्याप पुरेसा पाणीपुरवठा होत नाही. ही ग्रामसभा पर्याय म्हणून ___ ची मागणी करीत आहे. सूचक : ___ अनुमोदक : ___ ठराव सर्वानुमते मंजूर."

या नमुन्यातल्या मोकळ्या जागाच सगळ्यात महत्त्वाच्या. लागवडीचा आकडा तलाठ्याकडच्या पीकपाहणीतून मिळतो, वसुलीचा ग्रामपंचायतीच्या दप्तरातून, कुटुंबांचा मात्र घरोघर फिरून गोळा करावा लागतो. गावातली कॉलेजची पोरं दोन-तीन रविवारात हे काम उरकतात. शेवटून दुसऱ्या वाक्यातली "पर्याय म्हणून" नंतरची जागा कोरी राहिली, तर पुढचा लढा अर्धा हरल्यासारखा आहे. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

मुळात विरोध करावा का? महापालिकेत गेल्यावर सोयी येतात असं म्हणतात.

हा प्रश्न विचारणाऱ्याला गावद्रोही ठरवू नका. त्याचं म्हणणं नीट ऐकून घ्या, कारण नवी मुंबईजवळच्या १४ गावांचं उदाहरण सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. दहिसर मोरी पट्ट्यातली ही गावं १९९२ मध्ये स्थापन झालेल्या नवी मुंबई महापालिकेत होती. तिथे विरोध झाला, आंदोलनं झाली आणि २००७ मध्ये गावं बाहेर पडली. पुढे काय झालं? बेकायदा बांधकामं आणि भंगाराची गोदामं उभी राहिली आणि त्यांना आवर घालण्याचं बळ ग्रामपंचायतींकडे नव्हतं. त्यातल्याच भंडार्लीत ठाण्याचा कचरा येऊन पडू लागला. मग त्याच गावांतून "आम्हाला परत महापालिकेत घ्या" अशी मागणी झाली. सरकारने २०२२ मध्ये तसं जाहीर केलं, तर आता नवी मुंबईतूनच त्याला विरोध झाला.

म्हणजे शहराच्या रेट्यापुढे ग्रामपंचायत आपोआप टिकत नाही. गाव आताच अर्धंअधिक इमारतींनी भरलेलं असेल, सांडपाणी ओढ्यात जात असेल, टँकरवर दिवस निघत असतील, तर "आहे तसंच राहू द्या" या मागणीत दम नाही. त्या गावाने निराळी मागणी करावी. जिथे शेती जिवंत आहे, पंचायत चांगली चालली आहे आणि शहराला फक्त जमीन हवी आहे, तिथे मात्र ठाम उभं राहावं.

घरपट्टी खरंच कितीतरी पटीने वाढते का?

वाढते. किती, ते महापालिकेवर आणि तुमच्या घराच्या कागदपत्रांवर अवलंबून आहे. कर आकारण्याची पद्धतच दोन्हीकडे वेगळी असते. पुण्यासारखी महापालिका घराच्या भाड्याच्या अंदाजावरून करयोग्य मूल्य काढते. शहरातले दर गावातल्या घराला लागले की आकडा उडी मारतो. ही वाढ एकदम न लादता दरवर्षी २० टक्क्यांच्या टप्प्याने पाच वर्षांत पूर्ण दरावर नेण्याची सवलत असते. पण पाच वर्षं बघता बघता जातात. पुण्यात समाविष्ट गावांतून करावरून इतका असंतोष उसळला, की २०२४ मध्ये सरकारला वसुलीवर स्थगिती द्यावी लागली.

याहून मोठा फटका शास्तीचा, म्हणजे दंडाचा. विनापरवाना बांधकामाला मूळ कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे एकूण तिपटीपर्यंत बोजा. पिंपरी-चिंचवडमध्ये हजारो कुटुंबं यात अडकली होती. तिथला शास्तीकर माफ व्हायला २०२३ उजाडलं. गावठाणाबाहेर ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बांधलेलं घर महापालिकेच्या लेखी बेकायदा ठरू शकतं. तेव्हा हद्दवाढ होवो न होवो, घराचा परवाना, बिगरशेती आदेश, ग्रामपंचायतीचा आकारणी उतारा आणि वीजजोडणीची तारीख दाखवणारं जुनं बिल एका फाईलमध्ये लावून ठेवा. घर कोणत्या साली उभं राहिलं, हे सिद्ध करायची वेळ कधीही येऊ शकते.

शेतजमिनीचं काय? सातबारा बंद होतो का?

हद्दवाढ झाली म्हणून दुसऱ्या दिवशी सातबारा बंद होत नाही. तुमचं शेतकरी असणंही संपत नाही. या अफवा सभेत पसरवल्या की विरोधकांना सगळ्या आंदोलनालाच खोटं ठरवायची संधी मिळते. खरे तोटे पुरेसे गंभीर आहेत, तेच सांगा.

पहिला भूसंपादनाचा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागातल्या जमिनीच्या बाजारभावाला १ ते २ च्या दरम्यानचा गुणक लावला जातो, शहरी भागात तो १ च असतो. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. म्हणजे २ चा गुणक असलेल्या भागात जी जमीन बाजारभावाच्या चौपट मोबदल्याला पात्र आहे, तीच महापालिकेच्या हद्दीत गेली की दुपटीवर येऊ शकते. रिंगरोड, मैलापाणी प्रकल्प, डेपो यांसाठी ज्या गावांवर नजर आहे, त्यांनी हा हिशेब प्रत्येक खातेदाराला कागदावर मांडून दाखवावा. गावातला सगळ्यात शांत माणूसही हा हिशेब बघून बैठकीला येतो.

दुसरा आरक्षणांचा. महापालिकेचा विकास आराखडा आला की शेतावर बाग, शाळा, रस्ता, वाहनतळ अशी आरक्षणं पडतात. ती वर्षानुवर्षं विकसित होत नाहीत आणि मालकालाही काही करता येत नाही.

तिसरा मुद्दा प्राप्तिकराचा, आणि त्यात एक बारकावा आहे. हद्दीतली शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो. पण १० लाखांहून जास्त वस्तीच्या शहराच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली जमीन तशीही या करात येतेच. १ ते १० लाख वस्तीसाठी हे अंतर ६ किलोमीटर आणि १० हजार ते १ लाखासाठी २ किलोमीटर आहे. तेव्हा शहराला अगदी लागून असलेल्या गावाने हा मुद्दा पुढे करू नये, उत्तर लगेच मिळेल. लांबच्या गावांनी मात्र जरूर विचार करावा : हद्द पुढे सरकली की हे अंतरही त्यांच्याकडे सरकतं.

रोजगार हमी आणि गावाचा निधी?

दोन्ही जातात. रोजगार हमीची कामं ग्रामीण भागापुरती असतात. वित्त आयोगाचा जो निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येतो, तो थांबतो. पंचायतीच्या इमारती, पाणीयोजना आणि इतर मालमत्ता महापालिकेकडे वर्ग होतात. म्हणून पंचायतीच्या मालमत्तेची पूर्ण यादी आत्ताच करून घ्या, विशेषतः गायरान, स्मशानभूमी, दफनभूमी, तलाव, पाणंद रस्ते आणि देवस्थानच्या जागा यांची, गटक्रमांकासह. आणि गावाच्या बाजूने हेही सांगायला हवं, की हद्दवाढीची चाहूल लागल्यावर काही पंचायतींमध्ये घाईघाईने नोकरभरती आणि बांधकाम दाखल्यांची खैरात होते. ते करू नका. चौकशी लागते आणि सगळं गाव बदनाम होतं.

हरकत कशी नोंदवायची?

प्रारूप अधिसूचनेत मुदत दिलेली असते, साधारण ३० दिवस. हरकत कुणाकडे द्यायची तेही तिथेच असतं. बहुधा विभागीय आयुक्त किंवा जिल्हाधिकारी.

एकाच मजकुराच्या हजार छापील प्रती देण्याची पद्धत पडली आहे. ती वाईट नाही, संख्या दिसते. पण सुनावणीत त्या सगळ्या मिळून एकच हरकत धरली जाते. त्यापेक्षा गटागटाने वेगळ्या हरकती तयार करा. दूध घालणाऱ्यांची वेगळी, बागायतदारांची वेगळी, गावठाणातल्या घरमालकांची वेगळी, भाडेकरूंची वेगळी, महिला बचत गटांची पाणीपुरवठ्यावर वेगळी, ग्रामपंचायत आणि सोसायटीची अधिकृत वेगळी. प्रत्येकीला एखादा पुरावा जोडा. कार्यालयात आवक विभागात दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. टपालाने पाठवत असाल तर पोच जपून ठेवा. पुढे "हरकत आलीच नव्हती" असं उत्तर आलं, तर तो शिक्काच बोलतो.

आणखी एक. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदतही ३० दिवसांचीच आहे. अधिसूचना निघाल्यावर अर्ज केला, तर माहिती हाती येईपर्यंत हरकतीची मुदत संपलेली असते. म्हणून हद्दवाढीची नुसती कुजबुज सुरू झाली की लगेच अर्ज टाका : महापालिकेचा ठराव, प्रस्तावाची प्रत, आधीच्या हद्दवाढीत घेतलेल्या भागावर वर्षवार झालेला खर्च, तिथल्या पाणीपुरवठ्याची स्थिती, महापालिकेचं कर्ज. जी महापालिका आधीच्या समाविष्ट भागाला पाणी देऊ शकली नाही, तिच्या स्वतःच्या कागदाइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

"नको" म्हटलं, पण हवं काय? पर्याय कोणते?

लढा इथेच जिंकला किंवा हरला जातो असं आमचं ठाम मत आहे. सरकारपुढे शहराच्या वाढीचा प्रश्न खरा असतो. त्याला गावाने स्वतःचं उत्तर दिलं नाही, तर शहराचं उत्तर लादलं जातं.

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. तिथली नगरपालिका १८५४ ची, महापालिका १९७२ ची, आणि हद्द इतक्या वर्षांत वाढलेलीच नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर, तेवढीच. शहराचं म्हणणं असं, की उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी, मोरेवाडी ही गावं शहराच्या सोयींवर वाढली, महापालिकेच्या केएमटी बसने त्यांची माणसं रोज शहरात येतात, मग हद्दीत यायला नकार का? गावांचं म्हणणं असं, की आहे त्या शहराला महापालिका धड सांभाळू शकत नाही, आमची हिरवी जमीन घेऊन काय करणार? कधी ४२ गावांची यादी निघाली, कधी १८ गावं आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींची. प्रत्येक वेळी गावं कडकडीत बंद राहिली. गावांची एकी आणि तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींवरचा दबाव एवढा होता, की सरकारला मधला मार्ग काढावा लागला आणि २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. ग्रामपंचायती राहिल्या, नियोजन आणि बांधकाम परवानगी प्राधिकरणाकडे गेली.

हा गावांचा विजय होता, पण अपुरा. प्राधिकरणाला पुरेसा निधी नाही, माणसं नाहीत आणि परवानगीसाठी हेलपाटे मारावे लागतात, अशी ओरड त्याच गावांतून सुरू झाली. हद्दवाढीची मागणीही थांबली नाही. प्राधिकरण मागायचंच असेल तर त्याच्या मंडळावर गावांचे प्रतिनिधी किती, निधी कुठून येणार आणि किती, हे त्याच वेळी लिहून घ्या.

दुसरा पर्याय नगरपंचायत किंवा नगरपरिषद. त्यासाठी १९६५ चा नगरपरिषद कायदा लागतो. नगरपरिषदेला किमान २५ हजार लोकसंख्या आणि ३५ टक्के बिगरशेती रोजगार, नगरपंचायतीला १० ते २५ हजार लोकसंख्या. पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या देहूची नगरपंचायत झाली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची यांची वाट मोठ्या वळणाची होती. पुण्याचा कचरा याच गावांत येऊन पडायचा. २०१७ मध्ये तिथल्या कचरा डेपोला आग लागल्यावर गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या तीनेक आठवडे अडवल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही दोन्ही गावं ११ गावांच्या यादीत महापालिकेत गेली. कर आला, सोयी आल्या नाहीत. पुन्हा आंदोलन झालं आणि २०२४ मध्ये दोघांची मिळून स्वतंत्र नगरपरिषद झाली.

नगरपरिषद ही कायमची तटबंदी मात्र नाही. छत्रपती संभाजीनगरलगतच्या सातारा-देवळाईची नगरपरिषद २०१४ मध्ये झाली आणि २०१५ मध्ये महापालिकेत विलीनही झाली. शिवाय नगरपरिषद आली की ग्रामसभा जाते, हे लोकांना आधी सांगा. आजूबाजूच्या तीन-चार गावांनी मिळून मागणी केली तर लोकसंख्येचा निकष पुरा होतो आणि आवाजही मोठा होतो.

कोर्टात गेलं तर?

हद्दवाढ चुकीची आहे, या एवढ्याच कारणावर कोर्ट सहसा हात घालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कल्याण महापालिकेच्याच प्रकरणात सांगितलं, की हद्द ठरवण्याचा हा अधिकार कायदे करण्याच्या स्वरूपाचा आहे. कायद्यात लिहिलेली प्रक्रिया पाळली की पुरे, त्यापलीकडे प्रत्येकाला व्यक्तिशः सुनावणी मिळण्याचा हक्क नाही.

म्हणजे कोर्टात टिकते ती प्रक्रियेतली चूक. आणि ती कुणाच्याही बाजूने टिकते. २०२० मध्ये सरकारने कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ ला घेतलेल्या २७ गावांपैकी १८ गावांना बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद करायची अधिसूचना काढली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरमध्ये ती रद्द केली. कारण महापालिकेशी कायद्याने सांगितलेला विचारविनिमय झालाच नव्हता. गावांच्या मनासारखा निर्णय सरकारच्या निष्काळजीपणामुळे पडला. तेव्हा सरकार तुमच्या बाजूने वळलं तरी फाईलवर प्रत्येक टप्पा पुरा होतोय ना, यावर वकिलाला लक्ष ठेवायला सांगा.

वसईची गावं इतकी वर्षं लढली, त्यांचं काय झालं?

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. वसईच्या पश्चिम पट्ट्यात विरोध पेटला तो नुसत्या करामुळे नाही. गास, निर्मळ, वाघोली, नंदाखाल या भागात केळी, पानवेली, फुलं आणि भाजीपाल्याच्या वाड्या आहेत. इथली सुकेळी (वाळवलेली केळी) आणि भाजी मुंबईच्या बाजारात जाते. गोड्या पाण्याच्या विहिरींवर हा सगळा संसार उभा आहे. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने आधीच्या दोन दशकांत पाणी आणि हिरवळीसाठी जे आंदोलन केलं होतं, त्याची पुण्याई या लढ्यामागे होती. गावं वगळण्याच्या मागणीसाठी सामाजिक कार्यकर्ते विवेक पंडित यांच्या नेतृत्वाखाली उपोषणं आणि मोर्चे झाले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत ते वसईतून अपक्ष निवडून आले, ते याच असंतोषाच्या बळावर. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली.

लोक जिंकले होते. पण महापालिका उच्च न्यायालयात गेली, अधिसूचनेला स्थगिती मिळाली आणि प्रकरण तेरा वर्षं तिथेच राहिलं. गावं कागदावर वगळलेली, व्यवहारात महापालिकेत. या काळात सरकारं बदलली, कार्यकर्ते थकले, काही वाड्यांवर इमारती आल्या. २०२४ मध्ये सरकारने २०११ ची अधिसूचनाच मागे घेतली आणि गावं महापालिकेत ठेवण्याचा मार्ग धरला.

यातून जे कळतं ते कडू आहे. अधिसूचना हाती आली म्हणजे लढा संपला असं मानून समिती विसर्जित करू नये. स्थगिती उठवण्यासाठी गावांनी स्वतः त्या प्रकरणात पक्षकार होऊन तारखेमागून तारीख पाठपुरावा करावा लागतो, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं पुरेल असा निधी आणि दुसऱ्या फळीतली तरुण माणसं आधीपासून लागतात.

निवडणुकीवर बहिष्कार टाकावा का?

कल्याणजवळच्या २७ गावांचा अनुभव बघा. ही गावं १९८३ पासून महापालिकेत होती, २००२ मध्ये बाहेर पडली, १ जून २०१५ ला पुन्हा आत घेतली गेली. त्याच वर्षी महापालिकेची निवडणूक होती. गावांच्या संघर्ष समितीने बहिष्काराची हाक दिली. तरीही गावांतून उमेदवार उभे राहिले, निवडून आले आणि सभागृहात गावांची बाजू समितीविनाच मांडली गेली. पूर्ण बहिष्कार पाळला जाईल याची शंभर टक्के खात्री नसेल, तर समितीचे उमेदवार उभे करणं बरं.

वेळेचं भानही हवं. निवडणूक तोंडावर आली की राज्य निवडणूक आयोग हद्दीत बदल होऊ देत नाही. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये सरकारने ही गावं वगळण्याचं पाऊल उचललं, पण निवडणूक आधीच्याच हद्दीवर झाली. जनगणनेआधीही हद्दी गोठवल्या जातात. २०२७ च्या जनगणनेसाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. गोठवणुकीचा काळ म्हणजे गावाला तयारीसाठी मिळालेला वेळ. तो वाया घालवू नका.

कृती समितीत कोण असावं?

सगळे पक्ष, आणि सगळ्या आळ्या. गावात फूट पडते ती पक्षांमुळे कमी, जमिनीमुळे जास्त. ज्याने बिल्डरशी करार केला आहे त्याला हद्दवाढ हवी असते, कारण जादा चटईक्षेत्र मिळतं. ज्याची अर्धा एकर बागायत आहे त्याला नको असते. चाळीत भाड्याने राहणाऱ्याला नळाला पाणी हवं असतं, बाकी काही नाही. भूमिहीन वस्तीला स्मशानभूमीचा रस्ता हवा असतो, तो पंचायतीनेही दिलेला नसतो. ही माणसं समितीबाहेर राहिली, तर सुनावणीत "गावातच एकमत नाही" असं ऐकावं लागतं, आणि ते खरं असतं. समितीने जमाखर्च दर महिन्याला चावडीवर लावावा. पैशाचा संशय आला की उरलेलं काम विरोधकांना करावंच लागत नाही.

आमचं गाव अनुसूचित क्षेत्रात आहे. आम्हालाही हेच नियम?

नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-झेडसी नुसार नगरपालिकांविषयीचा भाग अनुसूचित क्षेत्रांना आपोआप लागू होत नाही, त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो. शिवाय पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या पंचायतींविषयीच्या कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार आहेत. गाव त्या क्षेत्रात येतं याचा राजपत्रातला पुरावा काढा आणि हरकतीत पहिला मुद्दा हाच घाला.

गाव गेलंच. आता काय करता येईल?

बरंच. गावं परत बाहेर आली आहेत, हे वर दिसलंच. पुण्यातही १९९७ मध्ये घेतलेल्या ३८ पैकी काही गावं नंतर वगळली गेली होती. पण तोवर रोजचे प्रश्न थांबत नाहीत. २०२१ च्या जूनमध्ये पुण्यात आलेल्या २३ गावांना सुरुवातीला स्वतःचा नगरसेवकच नव्हता, आणि मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता. सरपंच गेलेला आणि नगरसेवक आलेला नाही, अशा वेळी तक्रार कुणाच्या दारात न्यायची? म्हणून समिती मोडू नका. क्षेत्रीय कार्यालयात महिन्याची ठरलेली भेट मागा, मागणी लेखी द्या, उत्तर लेखी मागा.

प्रभागरचनेचा आराखडा निघाला की गाव दोन प्रभागांत चिरलं जात नाही ना ते बघा आणि तसं असेल तर हरकत घ्या. करआकारणीची नोटीस आली की मुदतीत तक्रार करा, उशिरा केलेली ऐकली जात नाही. आणि विकास आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध झालं की नकाशावर आपला गटक्रमांक स्वतः शोधा. हरकत ग्रामपंचायतीकडून जाईल असं धरून बसू नका, पंचायत आता नाही. प्रत्येक खातेदाराने आपापली द्यायची आहे. सुनावणीची तारीख कळली की सातबारा, गटाचा मोजणी नकाशा, विहिरीचा आणि उभ्या पिकाचा फोटो घेऊन स्वतः हजर राहा, आणि बोललेलं इतिवृत्तात उतरलं आहे का ते वाचूनच सही करा.